माकडिणीचा दगड

माणसाचं पाऊल अजून रानात पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एक म्हातारी माकडीण दगडानं बेहड्याच्या बिया फोडून नातवंडांना गर भरवायची. रानडुकराला ते खुपलं. त्यानं वाघाच्या दरबारात तक्रार केली, "महाराज, आम्ही दातांनी फोडून खातो. ही दगड वापरते. सरळसरळ लबाडी आहे!"

माकडीण भडकली. "लबाडी? ओढ्यातले किती दगड उचलून पाहिले, तेव्हा हा हाताला बसला. फोडायला शिकताना बोटं ठेचली माझी. तुझे सुळे तर आपोआप उगवले! महाराज, तुम्हीच सांगा, कष्टाचं कोण खातं?"

वाघानं फक्त आळसावून जांभई दिली. त्याचे सुळे सगळ्यांना दिसले, आणि साऱ्या सभेनं एकमुखानं ठरवलं, दगड म्हणजे लबाडीच.