पायाखाली दडवलेलं पाऊल

ओढ्याकाठच्या एका बाजाराच्या गावात धोंडजी नावाचा एक पागी राहत होता. पागी म्हणजे पावलांचा माग काढणारा. चोरी झाली की कोतवाल आधी धोंडजीला बोलावी. धोंडजी अनवाणी येई, उकिडवा बसे, मातीकडे बघत राही आणि सांगे, "माणूस थकलेला होता. डोक्यावर ओझं होतं. नदीकडे गेला." तसा माणूस नदीकाठी सापडेही. वीस वर्षं चावडीत त्याच्या शब्दाला मान होता.

मग गावात सटवाजी आला. तो जोडे शिवायचा. एकदा चोर पळताना एक जोडा टाकून गेला, तेव्हा कोतवालाने सहज तो सटवाजीला दाखवला. त्याने टाके बघून जोडा कुठल्या गावचा, कोणाच्या हातचा ते सांगितलं, आणि चोर धरला गेला. त्या दिवसापासून कोतवाल म्हणू लागला, "धोंडजी, तू म्हणतोस ते ठीक. पण एकदा सटवाजीलाही विचारू."

हे "एकदा सटवाजीलाही विचारू" धोंडजीच्या काळजात काट्यासारखं रुतलं. सटवाजीच्या दुकानापुढून जाणं त्याने सोडलं, लांबच्या वाटेने जाऊ लागला. जेवायला बसला तरी तोंडी तोच विषय. बायको एकदा म्हणाली, "अहो, त्याचं नाव घेतल्याशिवाय तुमचा घास उतरत नाही. एवढं देवाचं नाव घेतलं असतं तर देव भेटला असता." धोंडजी ताटावरून उठून गेला.

एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी मथुराबाईच्या घरी चोरी झाली. मथुराबाई विणकर होती. चार महिने मागावर बसून तिने एका लग्नाचा शालू विणला होता. ती बाजारात गेली तेवढ्यात तो कोणीतरी उचलून नेला. कोतवाल पुढल्या अंगणात तिची जबानी घेत बसला आणि धोंडजी एकटाच मागल्या दाराशी गेला.

तिथे रेशीम रंगवल्यावर ओतून दिलेल्या तांबड्या पाण्याचा चिखल होता. उंबऱ्याशी डाव्या जोड्याचा स्वच्छ ठसा उमटला होता. तळाला दुहेरी टाका. असा टाका गावात एकच माणूस घालत असे. धोंडजीला आनंदाने धाप लागली. ठसा मोडू नये म्हणून त्याने रीतीप्रमाणे त्यावर टोपली पालथी घातली.

मग दोन पावलं पुढे त्याला बाकीचे ठसे दिसले. डावं पाऊल खोल आणि सपाट, पण उजव्याचा नुसता चवडा उमटलेला. टाच कुठेच टेकली नव्हती. म्हणजे चालणारा उजव्या पायाने लंगडत होता. सटवाजी तर ताठ चालायचा. पाहता क्षणीच धोंडजीला कळलं, की चोर दुसराच कोणीतरी आहे.

त्याने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. त्याने त्या ठशांवर पाय ठेवला आणि जागच्या जागी फिरला. एकदा, दोनदा, तीनदा. मग हाक मारली, "कोतवालसाहेब, इकडे या."

सटवाजीला चावडीत आणलं. तो म्हणाला, "जोडा मी शिवलेला आहे, पण असे कितीतरी मी विकलेत."

"त्या दुपारी तुझं दुकान बंद होतं," धोंडजी म्हणाला.

"कातडं आणायला गेलो होतो."

"कोणी पाहिलं?"

कोणी पाहिलं नव्हतं. गाव कुजबुजू लागलं. सटवाजीला बायकोसकट हद्दपार करावं असं पंचांचं मत पडलं. धोंडजीला वाटलं होतं, आता तरी जेवण गोड लागेल. पण ते लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी, निकाल देण्याआधी, कोतवाल सटवाजीला मथुराबाईच्या मागल्या दारी घेऊन गेला. पंच आणि धोंडजीही बरोबर होते. "तुला काही दाखवायचं असेल तर दाखव. नंतर म्हणू नकोस की कोणी ऐकलं नाही."

सटवाजी वाकला. टोपलीखालचा ठसा त्याने पाहिला. मग पुढे सरकला आणि सुकलेल्या चिखलाकडे बघत राहिला. तिथे एक रुंद अनवाणी पाय फिरला होता. त्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली होती.

"हा पाय धोंडजीबाबांचा आहे," तो म्हणाला.

सगळ्यांनी धोंडजीच्या पायांकडे पाहिलं. कोतवालाचा आवाज चढला. "ठशावरून तू याला चोर म्हणालास. मग तुझा ठसा मिळाला, तर तुला काय म्हणायचं?"

धोंडजीचाच न्याय त्याच्यावर उलटला होता. सटवाजीने आता एक शब्द बोलायचा अवकाश, की धोंडजी संपला असता.

सटवाजी म्हणाला, "साहेब, थांबा. पाय त्यांचा आहे, म्हणजे ते इथे उभे होते. एवढंच मी सांगू शकतो. चोरी त्यांनी केली असं हा चिखल सांगत नाही. पायाखाली काय होतं, ते त्यांना विचारा."

'चुकून पाय पडला' हे उत्तर धोंडजीच्या ओठांवर आलं होतं. वीस वर्षांच्या पागीचं ते म्हणणं कोतवालाने मानलंही असतं. धोंडजीने सटवाजीकडे पाहिलं. हा माणूस इतका सरळ कसा राहू शकतो, याचाही त्या घडीला त्याला हेवा वाटला. आणि मग स्वतःचीच किळस आली.

"पायाखाली लंगड्याची पावलं होती," तो म्हणाला. "उजवी टाच टेकत नव्हती. मी ती मोडली. हा चोर नाही हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं."

"का केलंस?" कोतवालाने विचारलं.

"तुम्ही दर वेळी त्यालाही विचारायचात, म्हणून."

मग सटवाजी आठवून म्हणाला, "उजव्या पायाने अधू असं माझं एकच गिऱ्हाईक. रेशमाचा दलाल तुळाजी."

कोतवालाने मान हलवली. "जोडा जुळला, चाल जुळली. तरी एवढ्यावर मी कोणाला बांधणार नाही."

तुळाजी धर्मशाळेत उतरला होता. त्याने जोडे धुतले होते, पण सटवाजीने तळाचा टाका उसवला तेव्हा दोऱ्याच्या आत तांबडा रंग निघाला. रेशमाच्या गाठोड्यात शालू सापडला. मथुराबाईने त्याच्या पदराची आतली बाजू उलटून आपल्या हातची गाठ दाखवली. मग तुळाजीने मान खाली घातली आणि कबुली दिली.

सटवाजी सुटला. कोतवालाने धोंडजीचं पागीपण काढून घेतलं. दोन वर्षं धोंडजी लोकांच्या मळ्यांची राखण करत राहिला. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. तो ठशापाशी बसला, त्याने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "माणूस पूर्वेला गेला एवढं मला दिसतं. कोण होता ते मला दिसत नाही. सटवाजीला बोलवा."

तात्पर्य: पुरावा जेवढं सांगतो तेवढंच बोलावं, मत्सराने त्यात एक शब्द वाढवला किंवा लपवला, तर चोर मोकळा राहतो आणि निरपराध बांधला जातो.