अराक्सा नदीने दिलेली वाट

रोमकांच्या गरुडध्वजांपुढे पश्चिमेचे राजे एकामागून एक नतमस्तक होत होते, त्या काळी आर्मेनिया देशात, हिमधवल मासिस पर्वताच्या पायथ्याशी, अर्ताशात ही राजनगरी नांदत होती. अराक्सा नदीने तिला तीन बाजूंनी कवेत घेतले होते. तेथील धर्मशील राजा वारुझान याने रोमकांशी झालेल्या तीन युद्धांत दोन पुत्र आणि दोन्ही नेत्र गमावले. तेव्हापासून राणी वारदेनी हीच त्याची दृष्टी झाली होती.

चौथ्या युद्धात रोमकांनी तटाला भगदाड पाडले आणि नगरी पेटवली. तेव्हा वृद्ध राजा राणीचा हात धरून नदीचा घाट उतरला व जलदेवता अनाहितेला आळवू लागला. त्या आर्त हाकेने द्रवून देवी प्रवाहातून प्रकटली.

"वत्सा, एक वर माग."

"माते, महापूर होऊन ये! ही रोमकसेना बुडवून टाक!"

देवी खिन्नपणे म्हणाली, "पुराला शत्रू-मित्र कळत नाहीत. खालच्या अंगाची चाळीस गावेही वाहून जातील."

"मग माझ्या पूर्वजांच्या नगरीचे काय?"

राणीने त्याचा हात उराशी धरला. "महाराज, आपली लेकरे गेली तेव्हा मी कशी जगले, हे तुम्ही जाणता. त्या गावांतल्या आयांना ते दुःख देऊ नका."

राजाने देवीपुढे मस्तक लववले. मग म्हणाला, "माते, माझ्या प्रजेला पैलतीरी जाण्यापुरती वाट दे."

"दिली! परंतु त्यासाठी मला माझी मर्यादा मोडावी लागेल. येत्या वसंतापासून मी या नगरीजवळून वाहणार नाही."

"मान्य आहे," राजा म्हणाला. आणि त्याच्या अंध नेत्रांतून अश्रू ओघळले.

पाहता पाहता पाणी गुडघ्याएवढे झाले. तान्ही मुले, जर्जर वृद्ध, शेळ्यामेंढ्या, सारे पार झाले. सर्वांत शेवटी राजा-राणी उतरली. त्यांनी पैलतीर गाठताच पाणी पूर्ववत अथांग झाले आणि रोमक ऐलतीरीच थबकले.

"वारदेनी, नगरी दिसते का गं?"

समोर राजप्रासादाचे छत कोसळत होते. राणीने तिकडे पाठ फिरवली.

"माणसे दिसतात, महाराज. आपली सगळी माणसे."

वसंतात अराक्सेने खरोखरच पात्र बदलले आणि अर्ताशातचा घाट कायमचा कोरडा पडला. मात्र तिच्या नव्या तीरावर त्या प्रजेची गावे वसली. तेथील वधूवर विवाहाच्या दिवशी उथळ जागी गुडघाभर पाण्यात उतरतात आणि एकमेकांचा हात धरून नदी ओलांडतात, असे सांगतात.