अखंड दार

औरंगाबादच्या वेशी संध्याकाळी बंद होत, तेव्हाची गोष्ट. सकीनाबींच्या घराला यासीन उस्तादांनी सागाच्या एकाच रुंद फळीचं दार केलं आणि उरलेल्या तुकड्यांच्या चांदण्या खाचांत जुळवून केलेली जाळी खिडकीत बसवली. सकीनाबींच्या हट्टाखातर दाराला आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या. जाळीला मात्र उस्तादांनी एकही खिळा लावू दिला नाही.

"लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, बीबी. प्रत्येक तुकड्याला खाचेत केसभर जागा ठेवलीय."

दार जाळीला हसलं. "माझं उरलंसुरलं तुम्ही! मी बघा, अखंड."

पावसाळ्यात दार चौकटीत अडकलं आणि वैशाखात वरपासून खालपर्यंत तडकलं. जाळी जशीच्या तशी.

"तुम्ही कशा नाही तडकलात?" दारानं जाळीला विचारलं.

"आम्ही एकमेकींना हलायला जागा देतो," चांदणी ताठ मानेनं म्हणाली.

उस्तादांनी दार उतरवून कापलं आणि त्याच तुकड्यांच्या चांदण्या खाचांत जुळवून पुन्हा दार केलं.

पुढे एक पाहुणा दुरूनच म्हणाला, "वा, काय अखंड दार आहे!"

दार तडकलं नाही, पण भडकलं. "अखंड? हॅ! जवळ येऊन बघा. दोनशे जणी आहोत आम्ही!"