उजवा हात बांधलेला पैलवान

आपला हात बांधणाऱ्यावर विश्वास ठेवावा, की ‘सोडा ती गाठ’ म्हणणाऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. शाळा माझी फारशी झाली नाही, पण दुकानाच्या गल्ल्यावर बसून माणसं पुष्कळ पाहिली. त्यावरून सांगतो, संशय हे फार गोड बोलणारं गिऱ्हाईक असतं. त्याला बसायला जागा दिली की ते उठत नाही.

एकदा एका तालमीत एक वृद्ध वस्ताद होते आणि त्यांचा एक पट्टशिष्य. ग्रामदेवतेची जत्रा जवळ आली होती. जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती त्या शिष्याच्या नावावर लागली होती. ती मारली असती, तर पंचक्रोशीत त्याचं नाव झालं असतं.

ऐन अशा वेळी वस्तादांनी विचित्रच केलं. जुन्या फेट्याचं कापड आणून शिष्याचा उजवा हात त्याच्या छातीशी घट्ट बांधला आणि म्हणाले, “आजपासून सराव असाच करायचा.” आणि जोडीला दिला कोण, तर स्वतःचा सख्खा भाचा. त्याचे दोन्ही हात मोकळे.

शिष्याचा उजवा हात म्हणजे तालमीची शान. समोरच्याची मान त्या हातात सापडली की कुस्ती संपलीच म्हणायची. तोच हात बांधल्यावर भाच्यानं त्याला हवा तसा लोळवला आणि वर विचारलं, “काय पैलवान, माती गोड लागतीया का?”

आखाड्याची माती मऊ राहावी म्हणून तिच्यात तेल घालतात. ते तेल पुरवणारे एक शेठ रोज सकाळी तिथं येऊन बसत. आमच्याच धंद्यातला माणूस, आवाज कधी चढायचा नाही.

“पैलवान, एक विचारू? राग मानू नका.”

“बोला शेठ.”

“कुस्ती तुमच्या नावावर, हात तुमचा बांधलेला. मग सराव होतोय कुणाचा?”

“भाच्याचा.”

“मी काही म्हटलं नाही हं. तुम्हीच म्हणालात.”

झालं. वस्ताद भाच्याशी दोन शब्द बोलले, तरी शिष्याला वाटे, आपलाच डाव फोडताहेत. भाच्याला थोडं जास्त मालीश झालं तरी ते त्याच्या डोळ्यांत खुपे. पुढे पुढे तर वस्तादांनी पाठवलेलं दूधही तो आधी हुंगून पाहू लागला. अखेर एका सकाळी त्यानं दातांनी गाठ सोडली आणि कापड वस्तादांच्या पायांशी टाकलं.

“स्पष्ट सांगा वस्ताद. मानाची कुस्ती भाच्याला द्यायची आहे ना?”

वस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, “भिंतीपाशी ये. उजवा खांदा आणि उजवं पाऊल भिंतीला चिकटव. आता डावा पाय उचल.”

बैठका मारून खांबासारख्या झालेल्या मांड्या, पण पाय काही उचलेना. उचलू जावं, तर सगळं अंग डावीकडे कलंडे. त्यानं पुन्हा उचलून पाहिला, चिडून पाहिला. उपयोग नाही.

वस्ताद म्हणाले, “एक पाय उचलण्यापूर्वी कंबर दुसऱ्या पायावर सरकते. आपल्याला ते कळतही नाही. भिंतीनं तिला सरकू दिलं नाही, म्हणून पाय अडला. डावाचंही तसंच आहे. जोर तळव्यातून निघतो, मांडीतून, कमरेतून, पाठीतून वर चढतो. हात तो फक्त समोरच्यापर्यंत पोचवतो. तुझा हात इतका दांडगा, की तू खालचं सगळं अंग झोपवून ठेवलंस. कमरेचं काम खांदा ओढतोय. आणि खांद्याचा सांधा उथळ वाटीसारखा असतो. चहूकडे वळतो, म्हणूनच लवकर दुखावतो. हात बांधल्याशिवाय कंबर जागी होणार नव्हती.”

शिष्याचा संशय अजून मावळला नव्हता. “हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू तरी कुठं सांगितलंस? मारुतीपुढं हल्ली तुझा हात कपाळापर्यंत जात नाही, कपाळच हातापर्यंत खाली येतं. मी रोज पाहतोय. मलाही वाटलं, एका कुस्तीपायी हा पोरगा मला फसवतोय. कुस्ती मी कुणाला देत नाही आणि कुणाकडून काढूनही घेत नाही. हात वर कर. पुढचं तूच ठरव.”

शिष्यानं हात उचलला. तो खांद्याच्या वर जाताच त्याचा जबडा आवळला. दात खाऊन हात वर नेता आला असता, आणि कुणी काही म्हणूही शकलं नसतं. भाचा बघत होता, शेठ बघत होते. त्यानं हात हळूच खाली घेतला.

“दुखतंय, वस्ताद. दिवाळीपासून.”

वस्तादांनी पुढे होऊन त्या हाताचा भार आपल्या तळव्यांवर घेतला. “आता तुला शिकवता येईल,” ते म्हणाले.

शिष्यानं आपणहून नाव मागं घेतलं. त्या वर्षी मानाची कुस्ती भाचा लढला, आणि हरला. शेठ शिष्याच्या कानाशी लागले, “तुम्ही असता तर वेगळं झालं असतं, पैलवान.”

“असतो तर खांदा गेला असता, शेठ,” एवढंच बोलून तो आखाड्यात उतरला आणि मातीतल्या भाच्याला उठवायला त्यानं डावा हात पुढे केला.

आपणही गुडघ्याशी, पाठीशी, खांद्याशी रोज देवघेव करतो. माझी विनंती एवढीच, त्यांचा हिशेब खरा ठेवा. जिथं दुखतं, तिथं दुखतं असंच मांडा.