कुरतुडीची गोधडी आणि काकांची गाडी

एक होती उंदरीण. बोटभर. तिचं नाव कुरतुडी.

सोनटक्के काकांच्या शेडमध्ये एक जुना टायर होता. टायरात कुरतुडीचं घर. घरात पाच पिल्लं. गुलाबी गुलाबी, डोळे मिटलेली. पिल्लांच्या अंगावर एक गोधडी. लाल गोधडी, पिवळा काठ.

शेडमध्ये काकांची निळी गाडी पण होती. पण गाडीला थंडी वाजत नाही. म्हणून आधी पिल्लांचं सांगते.

एकदा सकाळी कुरतुडी दाणे आणायला गेली. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय! पिल्लं उघडी. गोधडी नाही. पिल्लं कुडकुडत होती. कुडुकुडु, कुडुकुडु.

कुरतुडीला फार वाईट वाटलं. ती रडली. थोडंच रडली, कारण वेळ नव्हता.

तेवढ्यात काकांची गाडी बाजारातून आली. धाप लागली होती तिला. घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स. चढावर तिच्या पुढे एक कोंबडी निघून गेली होती. कोंबडी चालत होती.

गाडीच्या मागे एक लांब नळी असते. तिला म्हणतात सायलेन्सर. त्यातून धूर बाहेर जातो. कुरतुडीनं नळीत डोकावलं. आत खोल, अंधारात, पिवळा काठ!

"सायलेन्सरदादा, सायलेन्सरदादा, माझी गोधडी दे!"

सायलेन्सर म्हणाला, "घशात अडकलीय गं. धूर ढकलेल, तर मी देईन."

कुरतुडी गेली धुराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"धूरदादा, धूरदादा, जोरात ढकल!
सायलेन्सर देईना,
गोधडी माझी मिळेना!"

धूर म्हणाला, "मी एवढासा. इंजिन पळेल, तर मी ढकलीन."

कुरतुडी गेली इंजिनाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"इंजिनदादा, इंजिनदादा, जोरात पळ!
धूर ढकलेना,
सायलेन्सर देईना,
गोधडी माझी मिळेना!"

इंजिन म्हणालं, "छातीत कोंडलंय. घुर्र... फुस्स. काय झालंय तेच कळत नाही. सेन्सर सांगेल, तर मी पळेन."

सेन्सर म्हणजे गाडीचं नाक. धुराच्या वाटेत बसतं आणि दिवसभर हुंगतं. दुसरं काही काम नाही त्याला.

कुरतुडी गेली सेन्सरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सेन्सरदादा, सेन्सरदादा, काय झालंय सांग!
इंजिन पळेना,
धूर ढकलेना,
सायलेन्सर देईना,
गोधडी माझी मिळेना!"

सेन्सर म्हणाला, "हुं हुं. मला सगळं ठाऊक आहे. मी दिवासुद्धा पेटवला. बाकीचं मी फक्त मिस्त्रींच्या कानात सांगतो. मिस्त्री बघतील, तर मी सांगेन."

मिस्त्री म्हणजे बशीरमामा. गाड्या बऱ्या करणारे. त्यांचं दुकान रस्त्यापलीकडे.

कुरतुडी गेली बशीरमामांकडे. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग रस्ता ओलांडला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा, गाडी बघा!
सेन्सर सांगेना,
इंजिन पळेना,
धूर ढकलेना,
सायलेन्सर देईना,
गोधडी माझी मिळेना!"

बशीरमामा म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीला न विचारता हात कसा लावू, बेटा? काका बोलावतील, तर मी बघेन."

कुरतुडी गेली काकांकडे. काका ओट्यावर चहा पीत होते.

"काका, काका, मिस्त्रींना बोलवा!
मिस्त्री बघेनात,
सेन्सर सांगेना,
इंजिन पळेना,
धूर ढकलेना,
सायलेन्सर देईना,
गोधडी माझी मिळेना!"

काका म्हणाले, "गाडी ठणठणीत आहे. चढ वाढलाय. पूर्वी एवढा चढ नव्हता." मग त्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "गाडी बिघडली की आत दिवा लागतो. दिवा दिसेल, तर मी बोलावीन."

कुरतुडी गेली दिव्याकडे. चाकावर चढली, फटीतून शिरली, काचेपाशी आली.

"दिवादादा, दिवादादा, काकांना दिस!
काका बोलवेनात,
मिस्त्री बघेनात,
सेन्सर सांगेना,
इंजिन पळेना,
धूर ढकलेना,
सायलेन्सर देईना,
गोधडी माझी मिळेना!"

दिवा म्हणाला, "सकाळपासून पेटून पेटून दमलो मी! पण माझ्या तोंडावर कुंकू आहे. कुंकू हलेल, तर मी दिसेन."

खरंच होतं ते. दसऱ्याला काकूंनी गाडीची पूजा केली होती. चाकाला कुंकू. दाराला कुंकू. आतल्या काचेला कुंकू, चांगला ठसठशीत टिळा. दिव्याच्या बरोब्बर तोंडावर.

कुरतुडी कुंकवाला म्हणाली,

"कुंकूताई, कुंकूताई, जराशी हल!
दिवा दिसेना,
काका बोलवेनात,
मिस्त्री बघेनात,
सेन्सर सांगेना,
इंजिन पळेना,
धूर ढकलेना,
सायलेन्सर देईना,
गोधडी माझी मिळेना!"

कुंकू म्हणालं, "मला पाय कुठे आहेत? काकू पुसतील, तर मी हलेन."

कुरतुडी गेली काकूंकडे. काकू तांदूळ निवडत होत्या. उंदीर बघून काकूंनी दोन्ही पाय वर घेतले. पाय वर ठेवूनच त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"काकू, काकू, कुंकू पुसा!
कुंकू हलेना,
दिवा दिसेना,
काका बोलवेनात,
मिस्त्री बघेनात,
सेन्सर सांगेना,
इंजिन पळेना,
धूर ढकलेना,
सायलेन्सर देईना,
गोधडी माझी मिळेना!"

काकू म्हणाल्या, "अगं बाई! पूजेचं कुंकू का कुणी पुसतं? मी नाही पुसायची. गणपतीच्या घरचं कुणी नेईल, तर जाईल."

आता आली का पंचाईत?

कुरतुडी गेली देवघरात. हळू हळू गेली. पाय दुखत होते.

देवघरात गणपती होता. पितळेचा. कुरतुडीनं सगळं सांगितलं, काकूंपासून गोधडीपर्यंत. गणपती काही बोलला नाही. कान मोठे होते, त्यानं ऐकलं असणार.

कुरतुडीनं मान खाली घातली. तर गणपतीच्या पायाशी कोण बसलं होतं?

उंदीर! बोटभर. पितळेचा. त्याला पण एक शेपटी.

कुरतुडीनं त्याच्याकडे बघितलं. मग आपल्या शेपटीकडे बघितलं. परत त्याच्याकडे बघितलं.

"अय्या," कुरतुडी म्हणाली. "मीच की!"

आणि जी पळत सुटली! तुरुतुरुतुरुतुरु! चाकावर चढली, फटीतून शिरली, काचेपाशी आली. पाठ फिरवली. शेपटी घासली. घस् घस् घस्. कुंकू सगळं शेपटीला. शेपटी लालेलाल!

कुंकू हललं. दिवा दिसला. काका गाडीत छत्री विसरले होते, ती घ्यायला आले. त्यांनी चष्मा पुसला. "अरेच्चा, दिवा!"

काकांनी बोलावलं. बशीरमामा आले.

बशीरमामांनी गाडीचं तोंड उघडलं. सेन्सरला कान लावला. सेन्सरनं सांगितलं. हुं हुं हुं. बशीरमामांनी मान डोलावली.

काका म्हणाले, "सेन्सरच बिघडलाय का? काढून टाका त्याला."

बशीरमामा म्हणाले, "तो बिचारा खरं बोलतोय. धूर तुंबलाय म्हणतो. त्याला कशाला काढायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

मग ते मागे गेले. नळीच्या तोंडाशी तळहात धरला. हाताला वारा लागेना. त्यांनी लांब तार घेतली, नळीत घातली. खुडबुड, खुडबुड.

"काका, आता गाडी सुरू करा, जोरात रेस द्या!"

इंजिन पळालं. घूं घूं घूं! धुरानं ढकललं. फूं फूं फूं! सायलेन्सर खोकला. खॉक्, खॉक्...

फट्टाक्!

गोधडी उडाली. उंच उडाली. आणि पडली कोंबडीच्या डोक्यावर. त्याच कोंबडीच्या.

काकांनी ती दोन बोटांत उचलली. "ही काळी चिंधी आत कशी गेली?"

काकू दारात उभ्या होत्या. "अहो, सकाळी काठीनं काय कोंबत होतात तुम्ही नळीत?"

काकांनी डोकं खाजवलं.

"उंदीर आत शिरू नये म्हणून," काका म्हणाले, "कोपऱ्यातल्या टायरातली चिंधी कोंबली होती. तात्पुरती. मग चहा आला."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," काकू म्हणाल्या.

काका निघाले चिंधी टाकायला. कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. आता?

काकांच्या पायाशी कुरतुडी उभी राहिली. बोटभर. ताठ. शेपटी लाल.

"माझी गोधडी," ती म्हणाली.

काकांनी शेपटी बघितली. काकूंनी पण बघितली. काकूंनी या वेळी पाय वर घेतले नाहीत. त्यांनी हात जोडले.

"द्या हो तिची तिला," काकू म्हणाल्या. "गणपतीच्या घरची आहे."

काका खाली वाकले. गुडघे वाजले, कट् कट्. काकांनी गोधडी झटकली, नीट घडी केली आणि कुरतुडीसमोर ठेवली.

"चुकलं माझं," काका म्हणाले.

कुरतुडीनं गोधडी ओढत ओढत नेली. टायरात गेली. पिल्लांवर घातली. एक, दोन, तीन, चार, पाच. गोधडी काळी झाली होती, पण इंजिनानं छान ऊबदार केली होती. पिल्लांनी कुडकुडणं थांबवलं. पिल्लंही थोडी काळी झाली. कुरतुडी म्हणाली, धुवू उद्या.

दुसऱ्या दिवशी काका बाजारात गेले. घूंऽऽऽ! कोंबडी मागे राहिली.

"बघ," काका गाडीला म्हणाले, "चढ कमी झाला."

गाडी गेली चढावर,
गोधडी आली अंगावर,
गोष्ट आली डोळ्यांवर.
मिटा आता.