खिंडीतल्या चार घटका

फार फार वर्षांपूर्वी दोन राज्यांच्या मधोमध एक डोंगर उभा होता आणि त्या डोंगरात एक खिंड होती. खिंड एवढी अरुंद, की एका वेळी एकच बैलगाडी जावी. तिच्या पलीकडच्या टोकाला सीमेचा नाका. शेजारच्या राज्याचे शिपाई तिथे गाड्या तपासत आणि अलीकडे गाड्यांची रांग लागे.

गाडीवानांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. "महाराज, खिंडीत किती वेळ जाईल याचा काही नेम नाही." राजा समजूतदार होता. आधी मोजा, मग बघू, असे म्हणून त्याने दरबारातला सर्वांत चोख मोजणीदार नाक्यावर पाठवला.

मोजणीदार खरोखरच चोख होता, आणि आपण चोख आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. रोज सकाळी तो रांगेतल्या शेवटच्या गाडीच्या बैलाला लाल दोरा बांधायचा आणि बुडाशी भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायचा. वाटी बुडली की एक घटका झाली. मग त्या दिवसाच्या बोळक्यात तो एक चिंचोका टाकायचा. लाल दोऱ्याचा बैल नाका ओलांडेपर्यंत त्याचे हे काम चाले.

महिनाभरात तीस बोळकी झाली. पंचवीस बोळक्यांत दोन-दोन चिंचोके होते. उरलेल्या पाचांत मात्र चौदा-चौदा, कारण पलीकडचा बडा अंमलदार मनात येईल त्या दिवशी नाक्यावर येऊन बसे आणि एकूण एक पोते सोडायला लावी. मोजणीदाराने सगळी बोळकी एका सुपात ओतली, एकशे वीस चिंचोके मोजले आणि त्यांचे तीस सारखे वाटे केले. एका वाट्याला चार आले.

अलीकडच्या बाजूचा म्हातारा पहारेकरी शेजारी बसून हे बघत होता. तो म्हणाला, "रावसाहेब, चार घटका लागल्या असा एक तरी दिवस आला का हो महिन्यात? मला तर आठवंना."

"याला सरासरी म्हणतात, आजोबा. तुम्हाला नाही कळायची."

"नसंल कळत. पण ते चौदावाले दिवस गेले कुठं?"

"आहेत की त्यातच. सगळ्यांत मिसळलेत."

म्हातारा उठून आपल्या पहाऱ्यावर गेला. शिकलेल्या माणसापुढे आपण काय बोलायचे, असे त्याला वाटले असावे. तिकडे राजा आकडा ऐकून खूश झाला आणि त्याने खिंडीकडे वळणाऱ्या फाट्यावर दगड रोवला: 'या खिंडीत चार घटका लागतात.' मोजणीदार येता-जाता तो दगड उपरण्याने पुसू लागला.

एके दिवशी त्या फाट्यावर एका भोईणीची गाडी थांबली. गाडीत रिकामी मडकी होती. ती डोंगरापलीकडच्या एका तळ्याकाठच्या गावची. आदल्या वर्षीच्या दुष्काळात ते तळे आटले आणि सगळा मासा मेला. यंदा तळे तुडुंब भरले होते, पण त्यात एक मासोळी नव्हती. नदीवरून माशांची पिल्ले आणून तळ्यात सोडायची, म्हणून गावाने तिला पाठवले होते.

"दादा, दगडावर काय लिहिलंय?" तिने विचारले.

मोजणीदाराने वाचून दाखवले.

"आम्ही आपलं डोंगराला वळसा घालून जातो," ती म्हणाली. "नदीपासून तळ्यापर्यंत चौदा घटका. बैलांचा जीव निघतो, पण चौदाच्या पंधरा कधी होत नाहीत. मडक्यात पिल्लं पंधरा घटकाच जगतात. खिंडीतनं किती होतील?"

"वाट आठ घटकांची आणि खिंडीत थांबायच्या चार. बाराच होतील."

"नक्की का दादा? पिल्लं वर्षातनं आठच दिवस मिळतात. आज त्यातला सातवा."

मोजणीदाराला त्या पाच बोळक्यांची आठवण झाली. झाली नाही असे नाही. पण आपल्याच आकड्याला आपणच फाटे कशाला फोडायचे, असे त्याच्या मनात आले. "मावशी, राजाचा दगड आहे," तो म्हणाला. "चार म्हणजे चार."

दुसऱ्या दिवशी भरल्या मडक्यांची गाडी खिंडीत शिरली. मागोमाग आणखी गाड्या शिरल्या. आणि तेवढ्यात नाक्यावर तो अंमलदार येऊन बसला.

आता पुढे जायला जागा नव्हती आणि मागे फिरायलाही नव्हती. भोईण पाण्यात सारखा हात फिरवत होती. एका मडक्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. चार घटका झाल्या. सात झाल्या. मोजणीदार धावत अंमलदाराकडे गेला, हातापाया पडला. अंमलदार म्हणाला, "रांगेतला प्रत्येक जण घाईतच असतो." मग मोजणीदाराने झऱ्याचे पाणी घागरीने वाहून आणले. भोईण म्हणाली, "नको दादा, एवढं गार पाणी एकदम सोसत नाही त्यांना."

खिंडीतल्या अकराव्या घटकेला, म्हणजे नदीपासूनच्या वाटेच्या चार धरून पंधराव्या घटकेला, पिल्ले पोट वर करून तरंगू लागली. तिने हात बाहेर काढला आणि पदराला पुसला.

"चौदा घटका लागायचे दिवसही असतात, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग काल मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? मी वळसा घातला असता."

ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरे वाटले असते. नाका उघडल्यावर ती तीच मडकी घेऊन पुढे गेली, कारण गाव तळ्याच्या काठावर वाट बघत बसले होते.

मोजणीदाराने दरबारात जाऊन सगळे सांगितले आणि दगड बदलून घेतला: 'बहुतेक दिवशी दोन घटका, पण सहातल्या एखाद्या दिवशी चौदा.' गाडीवानांनी त्याला दुवा दिला. नाजूक माल असलेले वळसा घालू लागले, बाकीचे खिंडीतून जाऊ लागले. सगळ्यांचे भले झाले, पण ते एका तळ्याच्या जिवावर.

सहा महिन्यांनी न राहवून तो भोईणीची माफी मागायला त्या गावी गेला. निम्मी घरे बंद होती. भोईणही पोटापाण्यासाठी दूर कुठेशी गेली होती. तो कोण, हे तिथे कुणाला माहीत नव्हते. एका म्हाताऱ्याने त्याला घरात बसवले आणि त्याच्यापुढे भाकरी व मिठाचा खडा ठेवला.

"पाहुण्याला मासा वाढल्याशिवाय आमच्या गावात कुणी जेवू घालत नाही," म्हातारा ओशाळून म्हणाला. "यंदा आमच्याकडं नाही. तुम्ही राग मानू नका."

मोजणीदाराला आपले नाव सांगण्याचा धीर झाला नाही. त्याने खाली मान घालून ती भाकरी खाल्ली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट सांगते ते एवढेच: माणसाला बुडवतो तो एखादाच वाईट दिवस, आणि तो दिवस ठाऊक असून जो सांगत नाही, त्याचा चोख आकडाही फसवणूकच ठरतो.