कारलं सोडणारा राजा

एका राज्यात शूरपाल नावाचा राजा होता, आणि शत्रू त्याला उदंड होते. काळ्या डोंगरावर धूम्रकेश जादूगार सिद्धी द्यायचा. सोनंनाणं घेत नसे. तराजूच्या एका पारड्यात सिद्धी, दुसऱ्यात घेणाऱ्याचा नेम. जन्मभरासाठी काहीतरी सोडायचं. नेम जेवढा जाचक, तेवढं त्याला वजन.

राजानं सिद्धी मागितली की मी रागानं बघेन तो दगड व्हावा. आणि सोडलं काय, तर कारलं. कारल्याचा त्याला लहानपणापासून तिटकारा. पारडं तसूभर हललं नाही. धूम्रकेश म्हणाला, "ने. उरलेलं तुझ्या घरून घेईन." राजाला वाटलं, फुकटात साधलं.

शत्रू दगड झाले. पण न तोललेली सिद्धी, ती राग-लोभ थोडीच बघते? एकदा जेवताना राजानं सहज मान वर केली, आणि समोर युवराज जयपाल पाटावरच दगड झाला. घास हातात तसाच. राजानं डोळ्यांवर पट्टी बांधली. पुढे त्या दगडाला मानेपाशी तडा गेला. तो छातीपर्यंत उतरला की पोरगा कायमचा गेला.

राजाच्या शब्दाला त्या तराजूत आता वजन नव्हतं. तेव्हा त्याची लेक केतकी काळ्या डोंगराकडे निघाली. तिच्या जिभेला सारा राजवाडा टरकून असे.

तराजूच्या दांडीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "काय हवं?"

"सिद्धी परत घ्या. भाऊ द्या."

"काय सोडतेस?"

केतकीनं दागिने सोडले. पारडं ढिम्म. साळुंकी म्हणाली, "तुझे कान आधीच मोकळे आहेत, बाई."

मग तिनं घोडा सोडला. पारडं खाली आलं, थबकलं, परत वर गेलं. साळुंकीनं विचारलं, "घोडा सोडताना पालखी आठवली ना?"

आठवली होती खरी. केतकी तराजूभोवती फिरली, पारड्याखाली वाकून बघितलं. म्हणाली, "हे वस्तू तोलत नाही?"

"नाही. हात मागे घेताना जी कळ येते, ती तोलतं."

केतकी पारड्यासमोर ताठ उभी राहिली. मग म्हणाली, "मी कुणाला उलट उत्तर देणार नाही."

पारडं धाडकन उतरलं, पण जमिनीला टेकलं नाही. धूम्रकेश पुढे आला. त्यानं तिच्या बापाला लबाड म्हटलं. केतकीनं गिळलं. भावाला नेभळट म्हटलं. तेही गिळलं. मग तो म्हणाला, "तुझं गप्प बसणं म्हणजे सोंग. चार दिवसांत विसरशील." ओठांवर असं उत्तर आलं होतं की जादूगार डोंगर सोडून पळाला असता. तिनं जीभ चावली, रक्त आलं. पारडं जमिनीला टेकलं.

ती घरी पोचली तेव्हा जयपाल तो हातातला घास तोंडात घालून चावत होता. बहिणीला बघून म्हणाला, "एवढा उशीर? तुझं एक काम कधी वेळेवर होईल तर शपथ."

पंगतीतले सगळे हात थांबले. केतकीनं भातवाढी उचलली आणि त्याच्या पानात भात वाढला.

राजानं पट्टी सोडली, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग कारल्याची भाजी मागून घेतली आणि कुणी न सांगता सगळी संपवली.

राज्य सुखानं नांदलं. जयपाल म्हातारा होईपर्यंत बहिणीला टोमणे मारत राहिला, आणि त्या पहिल्या टोमण्याचं उत्तर केतकीपाशी शेवटपर्यंत ताजं राहिलं.